मुठीतला तीळ

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नायत. 'हे' बोलायचं, नायतर 'मनालीचे पप्पा'. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. पण आता मी सरळ नाव घेऊन सांगणार. हरेश. ज्या माणसानं माझ्या जिवाची गोष्ट माझ्यापासून लपवली, त्याला 'अवो' करायला माझी जीभ वळत नाय. कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.

मी दामिनी. माहेर मुरबाडच्या बाजूला, सासर शेणव्याच्या पुढं. लग्न होऊन आले नि वर्षाच्या आत सासरे वारले. दारूनं वारले, अख्ख्या गावाला ठाऊक आहे, पण पांढऱ्या पायाची ठरले मी. पुढं बैल मेला, तोही माझ्याच नावावर. हरेशची भिवंडीच्या गोडाऊनमधली नोकरी सुटली, तेव्हा सासू ओटीवर बसून शेजारणीला सांगत होती, "ही आल्यापासून घराला बरकत नाय गो." मी आत भाकरी थापत होते. मला ऐकू यावं म्हणूनच बोलली होती ती, आणि मीही तवा मुद्दाम आपटला.

सासूचं नाव हौसा. आमची मनाली झाली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, तरी हौसाबाई मला नावानं हाक मारत नव्हती. 'तिला सांग', 'तिनं पाणी भरलं का'. मी समोर उभी असले तरी 'तिला'. सवय होते माणसाला. ह्या घरात मी कामाला आहे, मायेला नाय, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

मग तो तीळ आला.

भातझोडणीचे दिवस होते. उजव्या तळव्यात, करंगळीच्या बुडाशी, काळं कायतरी दिसलं. मला वाटलं भाताचं कुसळ घुसलंय. सुईनं टोकरून बघितलं, साबणानं घासलं, खोबरेल लावलं. जाईना. दुखतही नव्हतं. हौसाबाईचं लक्ष गेलं. तिनं माझा हात धरून ओटीवर उजेडात नेला, मूठ मिटून बघितली, उघडून बघितली, परत मिटली. मूठ मिटली की तो काळा ठिपका आत जात होता.

"मुठीतला तीळ हाय," ती बोलली. "लक्ष्मी मुठीत आली, आता जायची नाय." मग माझ्याकडं बघून बोलली, "दामिनी, बस गो जरा. किती वेळची उभी आहेस."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मोरीत जाऊन रडले. इतक्या वर्षांत पयल्यांदा त्या बाईच्या तोंडून माझं नाव निघालं होतं.

त्याच हंगामात हरेशनं पडवीत भाताची गिरण टाकली. गिरण चालली, चांगली चालली. का चालली ते मला तेव्हाही कळत होतं. पलीकडच्या गावचा म्हातारा गिरणवाला वारला होता, त्याची पोरं कल्याणला, त्यांनी गिरणीला कुलूप घातलं. त्या सगळ्या बाजूचं भात आमच्याकडं यायला लागलं. एवढं साधं होतं. पण म्हातारा वारला म्हणून गिरण चालली, असं बोलायला कोणाला आवडतं? दामिनीच्या हातात तीळ आला म्हणून चालली, हे बोलायला गोड लागतं.

हौसाबाईनं रीतच घातली. सकाळी मशीन चालू करायच्या आधी भाताची पयली मूठ माझ्या हातानं पडायची. मी मूठ भरून गिरणीच्या तोंडात सोडणार, मग हरेश बटन दाबणार. मी माहेरी गेले की गिऱ्हाईक पोती घेऊन बसून राहायचं, पण माझ्याशिवाय गिरण चालू होत नव्हती. दर शुक्रवारी माझ्या तळव्याला हळदीकुंकू. घरात पाव्हणा आला की हौसाबाईचं ठरलेलं, "उघड गो मूठ, बघू दे त्यांना." आणि पाव्हणे हात जोडायचे. हसू यायचं मला. पण आवडायचंही.

का नाय आवडणार? हौसाबाई माझ्या डोक्याला तेल घालायची. ताप आला तर उशाशी पेज घेऊन बसायची. बाजारातून येताना मनालीला खाऊ नि मला गजरा. एकदा पाय मुरगळला तर तिनं स्वतः निवडुंगाचं पान शेकून बांधलं, आणि बांधता बांधता बोलली, "माझी पोरगीच हाय तू." सख्ख्या आईनं असं काय बोललेलं मला आठवत नाय. हरेशही बदलला. आधी जेवणात मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस, तो आता विचारायला लागला, तू जेवलीस का.

तीळ मात्र तिळाएवढा राहिला नाय. वर्षात मुगाएवढा झाला, मग वालाएवढा. एका अंगाला गोल नि दुसऱ्या अंगाला फुटल्यासारखा, शाई सांडून ओघळ जावा तसा. मधे काळा कुळकुळीत, कडेला भुरा, एका ठिकाणी निळसर झाक. माझ्या गालावर तीळ आहे, पाठीवर दोन आहेत, जन्मापासूनचे. ते जिथं होते तिथंच आहेत नि जेवढे होते तेवढेच. हा एकटाच चालायला लागला होता. मी हौसाबाईला बोलले पण, "आई, हा वाढतोय ओ." ती बोलली, "वाढणारच. वाढता तीळ म्हणजे वाढतं घर."

एकदा भांडी घासताना त्यातून रक्त आलं. थोडंसंच, पण थांबायला वेळ लागला. मी घाबरले. हौसाबाईनं बोटानं ते रक्त टिपलं नि माझ्या कपाळाला लावलं. "लक्ष्मीनं कुंकू दिलं," बोलली. आता सांगताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मी मान खाली घालून ते लावून घेतलं.

दिवाळीनंतर आमच्या मराठी शाळेत तपासणीचं शिबिर भरलं. मुंबईचे डॉक्टर आले होते, डोळ्यांचे, दातांचे, शुगरवाले. हरेश गिरणीमुळं गावात मोठा माणूस झालेला, त्यामुळं खुर्च्या, मांडव, चहा सगळं त्याच्याकडं. हौसाबाईच्या मानेला नायटा झालेला, म्हणून मी तिला कातडीच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेले. तरणी पोरगी होती, चष्मा, केस वर बांधलेले. तिच्याजवळ आमच्या गावची आशा वर्कर सारिका नावं पुकारत बसली होती.

डॉक्टरणीनं नायटा बघितला, मलम सांगितलं. मी हौसाबाईचा पदर सारखा करायला हात पुढं केला नि डॉक्टरणीनं माझं मनगटच धरलं. दिवा लावलेलं भिंग घेतलं, तळव्याला लावलं, बराच वेळ बघत राहिली.

"जन्मापासून आहे का हा?"

"नाय," मी बोलले. "गिरण झाली त्या टायमाचा."

"वाढतोय?"

मी काय बोलायच्या आत हौसाबाई बोलली, "वाढतोय तर. दर शुक्रवारी पूजा करतो आमी त्याची."

डॉक्टरणीनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला विचारलं, रक्त येतं का, खाज येते का. मी हो बोलले. मग तिनं पेन खाली ठेवलं नि विचारलं, "मिस्टर आलेत का तुमचे?"

आता ह्या डॉक्टरणीवरही माझा राग आहे, सांगून टाकते. हात माझा, तीळ माझा, मी समोर उभी. मला सांगायचं सोडून मिस्टर कशाला? मी काय मुकी-बहिरी होते? पण हौसाबाईनं हाक मारली, हरेश मांडवातून आला, आणि मला डॉक्टरणीनं गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही आजींना डोळ्यांच्या टेबलाकडे न्या, मी यांच्याशी बोलते." हौसाबाई बोलली, "माझे डोळे मागनं बघू, तू जा, रांगेत नंबर लाव. मी थांबते इथं." मी रांगेत जाऊन उभी राहिले. लांबून दिसत होतं, डॉक्टरीण बोलतेय, हरेश मान हलवतोय, हौसाबाई पदर तोंडाला लावून उभी आहे.

संध्याकाळी घरी मी विचारलं, "काय बोलली डॉक्टरीण?"

हरेश हातपाय धूत होता. टॉवेलानं तोंड पुसत पुसत बोलला, "तीळ वाढतोय, बोलली."

"मग?"

"मग काय? वाढतोय."

हौसाबाई देव्हाऱ्यापुढं बसली होती. उठून आली, माझी मूठ उघडली, हळदीकुंकू लावलं. शुक्रवार नव्हता तो. "एवढी शिकलेली बाय," बोलली, "तिला पण कळलं बघ." मी हसले. मलाही बरं वाटलं. मुंबईची डॉक्टरीण पण माझा तीळ बघून गेली, असं मी दुसऱ्या दिवशी पाण्यावर बायकांना सांगितलं.

त्या दिवसापासून शिमग्यापर्यंत मी रोज पयली मूठ टाकत राहिले. तीळ करंगळीच्या पेरावर चढायला लागला. मधे एक गाठ आली, टणक, मिठाच्या खड्याएवढी. मूठ मिटताना टोचायचं. काखेत पण कायतरी अवघडल्यासारखं वाटायचं, पण मला वाटलं पोती उचलून असेल.

शिमगा झाला नि सारिका तिच्या घरचं भात घेऊन गिरणीवर आली. हरेश शहापूरला मशीनचा पट्टा आणायला गेला होता. मी सूप घेऊन तिचे तांदूळ पाखडत होते. ती माझ्या हाताकडं बघत होती.

"वहिनी," ती बोलली, "ठाण्याला दाखवलंत तेव्हा काय बोलले नक्की? हा तर पसरलाय."

"कुठं ठाण्याला?"

"दाखवायला गेलता ना तुमी दोघं."

"कोण गेलतं?"

मी सूप खाली ठेवलं. ती पोतं उचलायला वाकली, पण मी तिला सोडलं नाय. "सारिका, तुला तुझ्या पोरांची शप्पथ आहे. त्या बाईनं काय सांगितलं ते शब्द न् शब्द सांग."

तिनं सांगितलं. डॉक्टरीण बोलली होती, लहानपणापासूनचा तीळ तसाच राहत असेल तर त्याची काळजी नसते. मोठेपणी नवा आलेला, वाढणारा, एका बाजूनं वेगळा नि दुसऱ्या बाजूनं वेगळा, कडा फाटलेल्या, दोन-तीन रंगांचा, खाजणारा, रक्त येणारा, असा तीळ दाखवायलाच पाहिजे. हाताच्या नायतर पायाच्या तळव्याला असेल, नखाखाली असेल, तर उशीर करूच नये. बऱ्याच जणांचं काही निघत नाय, साधाच तीळ असतो, पण नुसतं बघून ते सांगता येत नाय, तुकडा काढून तपासावा लागतो. ह्यांचा तीळ वाढतोय, म्हणून ह्याच आठवड्यात ठाण्याला न्या. कॅन्सर असू शकतो. असं सगळं ती हरेशला बोलली होती. दोनदा बोलली होती.

"आणि आई?" मी विचारलं. "आई होत्या ना तिथं?"

"होत्या," सारिका बोलली. "त्यांनी विचारलं पण, कापायचा म्हणजे काढून टाकायचा का. डॉक्टर बोलल्या, हो." मग तिनं माझा हात धरला. "वहिनी, मी मागनं हरेशदादांना विचारलं होतं. ते बोलले, दाखवून आलो, साधा आहे. मी कशाला खोटं समजू?"

तिची काय चूक. मीही नव्हतं समजलं.

हरेश आला तेव्हा मी गिरणीसमोरच बसले होते. तो पट्टा बसवायला लागला. मी बोलले, "डॉक्टरीण काय बोललेली?"

"कोणची?"

"शिबिरातली. काय बोलली होती ती माझ्या हाताला बघून?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाय. पाना फिरवत राहिला. "सांगितलं होतं ना तुला तेव्हाच. वाढतोय, बोलली."

अजून ते आठवलं की माझं डोकं फिरतं. एवढ्या मोठ्या बोलण्यातला एकच शब्द त्यानं उचलून माझ्या हातावर ठेवला होता, आणि तो शब्द खोटाही नव्हता. ह्या घरात वाढतोय म्हणजे काय समजतात ते त्याला पुरतं ठाऊक होतं. घरात बांगडी फुटली तरी वाढवली बोलायचं, नारळ फोडला तरी वाढवला बोलायचं, वाईट शब्द तोंडातून काढायचाच नाय, ह्याच वळणाची आमी माणसं. मला 'वाढतोय' सांगितलं की मी खूश होणार, पुढं काय विचारणार नाय. तसंच झालं.

"पुढचं का नाय सांगितलं?" मी बोलले.

"कसलं पुढचं?"

"हरेश," मी बोलले. नाव घेतलं तसा त्याच्या हातातला पाना थांबला. "सारिका सगळं बोललीय मला."

मग तो बसलाच खाली पोत्यावर. रडला. खरंच रडला, नाटक नव्हतं. बोलला, डॉक्टर लोक असंच घाबरवतात, कापायला बघतात. बोलला, तुला दुखत नव्हतं, दुखलं असतं तर नेलंच असतं. बोलला, मोठ्या मुश्किलीनं गिरण चालायला लागली होती, ह्या घरात पयल्यांदा कायतरी धड चाललं होतं. "तीळ काढला आणि गिरण बसली तर? सांग ना, मग काय केलं असतं आपण?"

"आणि मी बसले तर?"

हौसाबाई आवाज ऐकून बाहेर आली. मी तिला विचारलं, "आई, तुमाला पण ठाऊक होतं?"

"कापायचं नाव काढू नको," ती बोलली. "अंगावरची लक्ष्मी कोण कापतं?"

"त्याला कॅन्सर बोलली ती."

"त्यांना कायपण दिसतं त्या भिंगात."

त्या शिबिराच्या रात्री हौसाबाईनं माझ्या केसांना तेल लावलं होतं. ते आठवलं मला, आणि तिथंच भडभडून आलं. तेल लावताना तिला सगळं ठाऊक होतं. हात ठेवायचा डोक्यावर नि मनात काय, तर हिला सांगायचं नाय. पांढऱ्या पायाची होते तेव्हा निदान खरं वागत होती माझ्याशी. तिटकारा होता तर तिटकारा दाखवत होती. ही माया माझी नव्हतीच, करंगळीच्या बुडाशी असलेल्या त्या काळ्या डागाची होती, नि मी दोन वर्ष ती माझी समजून पोटभर जेवत होते. सवत घरात आणली असती तरी इतकं लागलं नसतं मला.

मी भांडले नाय. मला स्वतःलाच नवल वाटतं, कारण तोंडाची मी फटकळ. घरात गेले, दादाला फोन लावला. देवरामदादा, माझा मोठा भाऊ, मुरबाडला राहतो, मनाली शाळेसाठी ह्या वर्षापासून त्याच्याचकडं असते. त्याला बोलले, "दादा, मला न्यायला ये." त्यानं का विचारलं नाय. किन्हवलीच्या रस्त्यानं मोटरसायकल मारत आला. मी पिशवी घेऊन दारात बसलेले. हरेश बोलला, मी पण येतो. मी बोलले, "गिरण कोण बघणार?" आणि तो थांबला, हे पण सांगते. थांबला.

मुरबाडच्या डॉक्टरांनी हात बघितला नि दुसऱ्याच मिनिटाला चिठ्ठी लिहायला घेतली. ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढला. दादा नि मी रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, आणि दादाला नाय, मला सांगितलं. तिळाचा कॅन्सर आहे. सगळा भाग काढावा लागेल, करंगळी जाईल, करंगळीखालचा तळव्याचा भाग जाईल. काखेत पण गाठ लागतेय, तिथल्या गाठी काढून तपासाव्या लागतील, तिथपर्यंत पोचलंय का बघायला.

"पोचलं असेल तर?" मी विचारलं.

"तर उपचार लांब चालतील. आणि खात्री देता येणार नाही."

"आधी आले असते तर? दिवाळीनंतर लगेच?"

"आधी येणं नेहमीच चांगलं," ते बोलले. चांगला माणूस, मला लागू नये म्हणून असं बोलले. पण मी काय लहान होते का, मला कळायचं ते कळलं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा हाताचं मोठं गाठोडं करून ठेवलेलं. दादा नि वहिनी आळीपाळीनं थांबत होते. मनाली आली, हाताकडं बघेना, खिडकीकडं बघून बोलत राहिली, शाळेतलं, मैत्रिणींचं. मी तिचे दोन्ही तळवे बघितले, तळपाय बघितले, बोटांच्या मधे बघितलं. "असं नवं कायपण दिसलं," तिला बोलले, "तर मला सांगायचं. पप्पांना नाय, आजीला नाय, मला. मी नसले तर मामाला नि डॉक्टरला." ती रडायला लागली. मी बोलले, रड, पण ध्यानात ठेव.

हरेशचे फोन यायचे दादाच्या मोबाईलवर. ऑपरेशनच्या दिवशी येतो बोलला होता. त्या दिवशी गिरणीवर कोणाच्या तरी लग्नाच्या भाताची पोती आली होती. दुसऱ्या दिवशी येतो बोलला. मी मनाला सांगत होते की आता मला त्याचं कायपण नको, पण वॉर्डच्या दारात कोणी दिसलं की माझी मान वळायची. एवढी वर्ष काढलीत त्या माणसाबरोबर. वाटायचं, येईल, माफी मागेल, निदान विचारेल तरी, दामिनी तू जगशील ना गो.

हरेश शेवटी आठवड्यानं आला, आणि काखेतल्या गाठींचा रिपोर्टही त्याच दिवशी सकाळी आला. डॉक्टरांनी पलंगाशी येऊन सांगितलं. एका गाठीत सापडलं होतं. पोचलं होतं तिथपर्यंत. आणखी तपासण्या करायच्या, मग औषधं सुरू करायची, सलाईनमधनं, लांबची ट्रीटमेंट. आशा आहे, ते बोलले, सोडू नका. मी सोडणार नाय बोलले. दादा बाहेर जाऊन उभा राहिला, त्याला माझ्यासमोर रडायचं नव्हतं.

दुपारी हरेश नि हौसाबाई आले. हौसाबाईनं डब्यात मऊ भात आणला होता, वर तूप. स्टुलावर बसली. हरेश पलंगाच्या पायथ्याशी उभा, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. झोप नव्हती त्याला, हे मला कळत होतं. त्याची दया पण आली मला, हे वाईट.

मीच बोलले, "आज रिपोर्ट आला."

हरेश मान हलवून खाली बघत राहिला. हौसाबाईनं माझ्या हाताच्या गाठोड्याकडं बघितलं, पट्टीवरनं हळू बोटं फिरवली. मला वाटलं आता विचारेल. तिचे डोळे भरले होते.

"दामिनी," ती बोलली, "त्यांनी कापला तो तुमच्या ताब्यात दिला का गो?"

मला आधी समजलंच नाय. "काय?"

"तीळ. बोटाबरोबर कापला ना. तो तुकडा दिला असेल ना त्यांनी तुझ्या दादाकडं."

"नाय देत, आई. तपासायला ठेवतात बाटलीत."

"मग मागून घ्यायचा. आपल्या अंगातला आपला असतो. गिरणीच्या उंबऱ्याखाली पुरला तरी चालेल, गावचा भगत बोललाय, लक्ष्मी गेली असं होत नाय मग." तिनं नाक पुसलं. "तुझी मूठ पडत नाय तर रोज मशीन बिघडतंय बघ."

मी हरेशकडं बघितलं. म्हटलं, आता तरी बोलेल हा. आईला गप्प कर बोलेल. रिपोर्टाचं विचारेल. मी त्याच्याकडं बघत राहिले, तोंड उघडून कायपण सांगितलं नाय, मुद्दाम, त्यानं विचारावं म्हणून.

त्यानं डबा उचलून टेबलावर ठेवला. "मी विचारून येतो," तो बोलला, आईला बोलला, आणि वॉर्डच्या बाहेर गेला. दाराशी उभ्या असलेल्या नर्सला तो हातानं बोटाएवढं माप दाखवून विचारत होता, ते मला पलंगावरनं दिसत होतं.